दादाच्या दारावरून

मिरज,
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

ती. दादास धाकट्या साळूचा नमस्कार.

बिरोबाच्या कृपेनं इकडं ठीक आहे. वहिनीची कंबर कशी आहे? तू फोन उचलत नाहीस, म्हणून दवाखान्यात बसून लिहिते.

यांचा पाय वाचला, हे आधी सांगते. आज सकाळी बोटं हलवली. चहा पांचट म्हणून कुरकुरले, तेव्हा मला रडूच आलं.

रविवारी पाइपलाइनच्या चरीत यांची मोटारसायकल गेली आणि गुडघा निखळला. खालचा पाय पार बाजूला सरकलेला. होता तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी गोधडी लावली, साडी फाडून बांधला. त्या कळांतही हे म्हणाले, "फाडायला बी जुनीच काढलीस व्हय गं?"

जीप तुझ्या गावावरूनच आली. अख्खा तालुका हाडं बसवायला तुझ्याकडं येतो. हे म्हणाले, "थांबीव. दादा एका झटक्यात बसवत्यात." मी म्हटलं, "दादा बाजाराला गेलाय."

खोटं बोलले. तू दारात उभा होतास. हात केलास. मी पदर पुढं ओढला आणि ड्रायव्हरला म्हटलं, "चला."

दादा, यांचं पाऊल गार पडलं होतं. चांगला पाय ऊबदार आणि हा दगडासारखा. गुडघ्यामागची रक्तवाहिनी बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, अजून चार तास गेले असते तर पाय कापावा लागला असता.

पाऊल बघायचं मला कुठलं सुचतंय! निघण्याआधी मी फोन केला होता. तुझ्या पल्लवीला. तुझी लेक इथंच नर्स, दुसरं कुणाला विचारणार? ती म्हणाली, "आत्ती, पावलाला हात लाव. गार हाय? मग कुणालाबी वढू दिऊ नगं. माझ्या आबांनाबी न्हाई." तिचं नाव मी झाकणार होते. काल तीच म्हणाली, "लिही. त्यांना कळू दे, मीच सांगितलं म्हणून."

गाडी पुढं नेली त्याची माफी मागणार नाही. तोंड फिरवलं, त्याची मागते. थांबले असते तर तू स्वतःच पाऊल बघून पुढं धाडलं असतंस, असं मन म्हणतं. पण यांच्या पायावर तुझी परीक्षा घ्यायची माझी छाती झाली नाही.

पल्लवीची ड्युटी चारला सुटते. ये. आधी तिला भेट, मग आमच्याकडं वर ये.

अजून तुला भिणारी,
साळू