लाल पट्ट्याचे टेकू

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिलं खरं, पण आत्ता समोर असतास तर आधी एक कानाखाली काढली असती आणि मग हाक मारली असती. डावा हात गळ्यात अडकवलाय, खांद्याचं हाड मोडलंय. उजवा शाबूत आहे, पण तो एका वेळी एकच काम करू शकतो, म्हणून लिहितेय. कागद गुडघ्यावर ठेवलाय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आणि सगळं वाच. लहानपणी धड्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य वाचून धडा पाठ झाला म्हणून बाबांना सांगायचास, ती चलाखी आज नको.

स्लॅब कोसळला तेव्हा तू साइटवर नव्हतास, हे मला माहीत आहे. मी पोचले तेव्हा धूळसुद्धा खाली बसली नव्हती. आमच्या बांधकाम तपासणी खात्यातल्या सगळ्यांनाच बोलावलं होतं, कुठला तुकडा आधी उचलायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही ते सांगायला. तू ठेका घेऊन बांधत असलेल्या या इमारतीची तपासणी माझ्याकडे नको असं मी आधीच साहेबांना सांगून ठेवलं होतं, भावाच्या कामावर बहिणीची सही नको म्हणून. पण ढिगाऱ्याखालून ओरडणाऱ्याला कोण कुणाची बहीण याच्याशी काय करायचंय? घमेली वाहणारी एक बाई कमरेपर्यंत बाहेर होती. तिच्या तोंडात ओलं काँक्रीट गेलं होतं. मी बोटं घालून ते काढत होते आणि ती माझी बोटं चावत होती. राग म्हणून नव्हे, श्वास मिळत नव्हता म्हणून. माझ्या हातातच ती थंड पडली. स्लॅबखाली फळ्या नि टेकू लावणाऱ्या एका सेंटरिंगवाल्याच्या मांडीतून सळई आरपार गेली होती. ती दोन्ही बाजूंनी कटरने कापली, ठिणग्या त्याच्या पोटावर उडत होत्या आणि तो आईच्या नावाने टाहो फोडत होता. तो जगलाय. पाय मात्र काढावा लागला.

हे तुला घाबरवायला लिहीत नाहीये. तू घाबरलेला आहेसच, नाहीतर असा दडून बसला नसतास. हे लिहितेय कारण तू पाहिलं नाहीस, आणि जे तू पाहत नाहीस ते घडलंच नाही असं मानायची तुझी जुनी खोड आहे. आईच्या आजारपणातही तू दवाखान्याच्या दारातून परत फिरायचास आणि घरी येऊन सांगायचास, आज जरा बरी वाटली.

आता टेकूंचं. लाल पट्ट्याची कल्पना माझी होती, आठवतंय ना? ओला स्लॅब जोवर स्वतःचं वजन पेलत नाही तोवर त्याच्याखालचे टेकू हलवायचे नाहीत, हा नियम सगळ्या ठेकेदारांना ठाऊक, आणि सगळ्यांना त्याचा विसर पडायचा. म्हणून तपासणीला गेलं की अशा प्रत्येक टेकूला लाल रंगाचा पट्टा मारायचा आणि पुढच्या तपासणीत आम्ही सांगितल्याशिवाय तो जागचा हलवायचा नाही, असं मी सुचवलं आणि खात्याने मान्य केलं. तेव्हा तू नुकताच कामाला लागला होतास. माझ्याबरोबर यायचास, ब्रश हातात घ्यायचास, आणि ताईने टेकूंना लिपस्टिक लावली म्हणून सगळ्यांना हसवायचास. मीही हसायचे. मुकादमकाका सगळ्यात मोठ्याने हसायचे. तुला फळीवरून चालायला त्यांनीच शिकवलं, पडलास तेव्हा खांद्यावर टाकून घरीही त्यांनीच आणलं होतं.

तुझ्या साइटवर आमच्या साहेबांनी पहिल्या मजल्यावरच्या सगळ्या टेकूंना पट्टे मारले होते. ते टेकू डोक्यावरच्या ओल्या स्लॅबच्या खाली असायला हवे होते. मला ते सापडले त्या स्लॅबच्या वर. फुटलेल्या काँक्रीटवर आडवेतिडवे पडलेले, काहींवर रक्त, आणि रक्ताच्या खाली आमचा लाल रंग. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. भाड्याने आणलेले टेकू कमी पडले, नवे मागवायला वेळ नव्हता, म्हणून तू खालचे काढून वर लावलेस आणि पुढचा स्लॅब ओतायला घेतलास. कोवळ्या स्लॅबचा आधारही काढलास आणि वरून नव्याचं ओझंही टाकलंस. सिमेंट भेसळीचं होतं, असं तू सगळ्यांना सांगतोयस म्हणे. सिमेंटला पाय नसतात रे, ते टेकू उचलून वर नेत नाही.

मी तिथे गुडघे टेकून बसले होते, आणि मला तुझा इतका राग आला होता की हातात आलेला विटेचा तुकडा मी भिंतीवर मारत राहिले. तेवढ्यात मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचा फोन वाजला. त्याने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. तुझा आवाज मी हजारांत ओळखीन. मुकादमाने मला न विचारता टेकू काढले, असं म्हणालास. खापर फोडायला तुला तेवढंच एक डोकं सापडलं.

ज्यांची माणसं ढिगाऱ्याखाली होती त्यांना आणखी काही ऐकायचंच नव्हतं. मुकादमकाका तिथेच होते, उघड्या हातांनी विटा उपसत होते. त्यांना मागून ओढलं, जमिनीवर पाडलं. आधी लाथा, मग फावड्याचा दांडा, मग सळया. सळई माणसाच्या पाठीवर बसली की टाळी वाजल्यासारखा आवाज येतो, आणि हाडावर बसली की येत नाही. पोलिस दोघेच होते, ते गर्दीबाहेर फेकले गेले. मी आत घुसले आणि काकांच्या अंगावर पडले. माझा खांदा तेव्हाच मोडला. कुणीतरी माझे केस धरून मला उपटून काढायला बघत होतं, मी त्याच्या मनगटाला चावले. मीही त्या क्षणी माणूस नव्हते. एका हाताने मी हाताला येईल ते फेकत होते, आणि त्यातलं काय कुणाला लागलं, ते मला आजही ठाऊक नाही.

काकांचं तोंड माझ्या कानाशी होतं. दात पडलेले, शब्द नीट फुटत नव्हते, तरी एक वाक्य त्यांनी पूर्ण केलं. ताई, तुम्हीच हो म्हणालात ना, असं विचारलं त्यांनी. धाकट्या, मला आधी कळलंच नाही. मग कळलं. टेकू काढायला ते तयार नव्हते. पट्टा आहे, साहेब सांगतील तेव्हाच काढू, असं म्हणाले असणार. आणि तू त्यांना सांगितलंस की ताईशी बोललोय, ताई हो म्हणाली. माझ्या नावावर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. त्यांच्या हातून तो स्लॅब तू माझ्या तोंडून पाडलास. मी त्यांना सांगितलं, नाही काका, मी नाही म्हणाले. ते ऐकून त्यांनी जे माझ्याकडे पाहिलं, ते तुला लिहून सांगता येणार नाही. त्यांनी तुझं नाव मात्र कुणालाच सांगितलं नाही. एकदा जरी म्हणाले असते की मालकाने काढायला लावले, तरी मार थांबला असता.

आज सकाळी दवाखान्यात ते गेले. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि बायका त्यांच्या जवळही जात नव्हत्या. ज्याने माणसं मारली त्याची बायको, म्हणून. एकीने तर त्यांच्या पायाशी थुंकलं. मी तिला ढकललं. काकींनी मला एवढंच विचारलं, ते खरंच तसं वागले का ग? मी नाही म्हटलं, पण माझं कोण ऐकतंय? मी तुझी बहीण आहे.

मावशीच्या बंद खोलीची किल्ली तू नेलीस, हे कळायला मला डोकं खाजवावं लागलं नाही. बायकोवर डाफरू नकोस, ती काही बोललेली नाही. हे पत्र मी त्याच खोलीच्या दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून लिहिलं आहे. मघाशी तू आत खोकलास, ते मी ऐकलं. खाली रस्त्यावर काकांचे दोन्ही मुलगे उभे आहेत. त्यांना पत्ता मीच दिला. बापाच्या प्रेताशेजारी त्यांनी मला विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही. त्यांच्याकडून एकच मागून घेतलं, एक पत्र लिहायला लागेल तेवढा वेळ. तू माझ्याबरोबर खाली आलास, त्यांचे वडील निर्दोष होते हे त्यांच्यासमोर आणि काकींसमोर मोठ्याने बोललास, तर ते तुला हात लावणार नाहीत. तसा शब्द दिलाय त्यांनी. तिथून आपण चालत पोलिस चौकीत जाऊ. वाटेत कुणी दगड उचलला तर मी तुझ्या पुढे असेन, उरलेला खांदाही देईन. कोर्टात मात्र तुझ्या विरुद्ध साक्ष द्यायला पहिली उभी राहीन तीही मीच. आणि मी एकटी खाली उतरले, तर ते दोघे वर येतील, आणि मी त्यांना अडवणार नाही. पत्र संपलं. दाराखालून सरकवतेय. कडी काढ.

तुझीच,
ताई