सायकलीचा कडेकोट बंदोबस्त

३ मार्च
पलीकडच्या इमारतीतून दोन सायकली गेल्या. मालक रडत होते. रडणारच. अक्कल गहाण टाकली की असंच होतं.
आजपासून आपल्या सायकलीच्या सुरक्षेची जबाबदारी माझी. बायकोला तसं सांगितलं. म्हणाली, सायकल माझी आहे, तुम्हाला तर चालवताही येत नाही. चालवणं आणि सुरक्षा ही दोन वेगळी खाती आहेत, हे नर्सला कोण समजावणार? सकाळी ड्यूटीच्या वेळेला बस नसते म्हणून तिचा जीव त्या सायकलीत. पहिल्या पगारातून घेतलेली. माझा जीव तत्त्वात आहे.

४ मार्च
पाहणी केली. चार वर्षं सायकल जिन्याखाली, विनाकुलूप! बायको म्हणते, समोर शिंपीदादा बसतात, त्यांचं लक्ष असतं.
शिंपी! याच माणसाला मी चौकड्यांच्या पँटसाठी कापड दिलं होतं. चांगलं हातभर उरायला हवं होतं. गेलं कुठे? विचारलं तर हसला. म्हणाला, वहिनींना विचारा. चोर तो चोर, वर शिरजोर. अशा क्षुल्लक चौकशा मी बायकोकडे करत नाही.

५ मार्च, दुपारी
रजा टाकून जिन्यावरून पाळत ठेवली. मशीन चालवता चालवता शिंप्याने सायकलीकडे एकवीस वेळा पाहिलं. मनात काही नसलेला माणूस दुसऱ्याच्या सायकलीकडे इतका कशाला बघेल?

७ मार्च
कुलूप आणलं. दुकानदार जाड साखळी गळ्यात मारत होता. सायकल म्हणजे काय हत्ती आहे? आकड्यांचं घेतलं, छोटंसं. चोर म्हणजे शाळा सोडलेले लोक. तीन आकडे त्यांना झेपायचे नाहीत.

८ मार्च
मला आकडे आठवेपर्यंत बायकोला ड्यूटीला उशीर झाला. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

९ मार्च, रविवार
फ्रेमवरचा नंबर कानशीने घासून टाकला. दीड तास. बोटाला फोड. चोराला नंबर कळला की तो खोटी पावती बनवतो. नंबरच नाही तर पावती कशाची बनवणार? त्याच कारणाने आपली खरी पावतीही फाडली. शेजारी म्हणाला, नंबर कुठे लिहून तरी ठेवलात का? लिहिलेलं चोरीला जातं. मी डोक्यात ठेवला आहे.

११ मार्च
सायकल मागे, पाण्याच्या टाकीआड पाइपला बांधली. तिथे ना खिडकी, ना ये-जा. शिंप्याला तर मुळीच दिसत नाही. बायको म्हणाली, कोणी नेली तरी कोणाला दिसणार नाही. हिला प्रत्येक गोष्टीची वाईट बाजूच दिसते.

१४ मार्च, सकाळी ६.२०
सायकल नाही. कुलूप आहे. आकडे बरोबर जुळवून, पाइपला लटकवून ठेवलेलं. शिक्षणाचा प्रसार फारच झाला म्हणायचा.
बायको चपला घालून चालत निघाली. पाऊण तासाची वाट आहे. चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च, सकाळी १०
चौकीत तक्रार दिली. संशयित: शिंपी. हवालदाराने फ्रेमचा नंबर विचारला. डोक्यात होता, पण चौकीत कोणाला काही आठवेल असं वातावरणच नसतं. मग खूण विचारली. काळी, दोन चाकं, म्हणालो. सीटवर कसलंसं कव्हर आहे, पण असल्या नटव्या गोष्टींकडे मी बघत नाही. तो म्हणाला, साहेब, अशा चाळीस मागे उभ्या आहेत.

१५ मार्च
बायको आजही चालत. संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. पाणी पुरेसं गरम आहे का, विचारलं. तिने पाय पुसले आणि आत गेली.

१७ मार्च
चौकीतून निरोप. दोघं गेलो. एकजण बाजारात सायकल विकायला उभा होता. शिंपी सुया आणायला गेलेला. त्याने सायकल ओळखली, हँडल धरून ठेवलं आणि आरडाओरडा केला. मी हवालदाराला म्हटलं, बघा, शेवटी त्याच्याच हातात सापडली ना! कोणी ऐकलं नाही.
विकणारा म्हणे, सायकल माझीच. आमच्याकडे नंबर नाही, पावती नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली.
तेव्हा शिंपी म्हणाला, सीटचं कव्हर मी शिवलंय. साहेबांच्या पँटचं कापड उरलं होतं, वहिनींनी त्याचंच करायला सांगितलं. ती पँट आत्ता साहेबांच्या अंगावरच आहे, जुळवून बघा.
हवालदाराने मला पाठ करून उभं केलं. सीट जवळ आणली. चौकडीला चौकडी लावली. नीट दिसेना म्हणून वाकायला सांगितलं. विकणारा इतका हसला की हसता हसता कबूल झाला.
सायकल बायकोला लगेच मिळाली. कव्हर आणि पँट पुरावा म्हणून जमा. शिंप्याने दुकानातून कोणाची तरी न नेलेली पँट आणून दिली. कमरेला ढगळ. हाताने धरून घरी आलो. बायको सायकलवरून पुढे गेली.

१८ मार्च
सायकल पुन्हा जिन्याखाली. बायकोने जाड साखळी आणली. एक किल्ली तिच्याकडे, दुसरी शिंप्याकडे. तिसरी मागितली. दोनच येतात, म्हणाली.
संध्याकाळी नवीन पँटचं माप द्यायला शिंप्याकडे गेलो. उरलेलं कापड परत देऊ का, त्याने विचारलं.
नको, म्हटलं. हिच्याकडे द्या.