सूनबाईचे डोळे

६ जानेवारी १९७४, पलूस
नऊ दिवस लिहायचं राहिलं, माफी असावी. हात इतका कापतो की माझं अक्षर मलाच लागत नाही. छाती धडधडते – मध्येच ठोका चुकतो, मग धावत सुटते. सगळे घोंगड्या पांघरून शेकोटीला, आणि मी उघडा, घामाने भिजलेला! बायको रंगू म्हणाली, "आवं, दोन भाकरी जास्त खाताय, मग वाळत का चाललाय?" काय सांगू?

७ जानेवारी
नाडी धरून बसलो. मोजता येईना. आजचा दिवस निघतो की नाही, असं वाटलं.

११ जानेवारी
पारावर गुंडा थट्टेत म्हणाला, "काय रं नाथाजी, लोणंदच्या सुनंचा तळतळाट लागला जनू!" बाकीचे हसले. मला हसू आलं नाही.
विजयमाला म्हणजे माझ्या मुलाची, मानसिंगची बायको. आखाडाला माहेरी गेली, ती मी परत आणूच दिली नाही. सासऱ्यासमोर मान खाली घालायची सोडून डोळे वटारून बघायची. एकदा नव्हे, रोज! पापणी लवायची नाही. जाताना पाया पडली, तेव्हा म्हणालो, "खाली बघाय शिकलीस की ये." रडली. रडतानाही डोळे तसेच, रोखलेले.
तळतळाट असतो का? असला तर?

१७ जानेवारी
मानसिंगने एसटीने सांगलीला नेलं, विश्रामबागेतल्या डॉक्टरांकडे. त्यांनी छातीला नळी लावली, दुसऱ्या हाताने नाडी धरली. दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणाले. मग हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला. फडफडला नुसता. यंत्रावर हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली.
"साहेब, किती दिस हायेत तेवढं सांगा," मी म्हणालो.
"एवढ्यात कुठं निघालात काका? दोष गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा आहे. तिचा रस जास्त झालाय. माणूस भ्याला की घाम, कापरं, धडधड होते ना? तुमच्या अंगात ते विनाकारण चालू आहे. त्यानं हृदयाचा ताल बिघडलाय. आणखी थांबला असता तर हृदय थकलं असतं."
दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. निघताना म्हणाले, "डोळे तेवढे वाचले तुमचे. तरण्या बायकांचे पुष्कळदा बाहेर येतात. पापण्या वर ओढल्या जातात. समोरच्याला वाटतं, ही रोखून बघते."
मानसिंगने माझ्याकडे पाहिलं. स्टँडवर त्याने लोणंदची पहिली गाडी कधी, ते विचारून घेतलं.

१८ जानेवारी
मानसिंग पहिल्या गाडीने लोणंदला गेला. रंगूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "झोपंतबी तिचं डोळं अर्धं उघडं ऱ्हायाचं. हात कापून कालवण सांडायचं. तुमास्नी सांगायला धीर झाला न्हाई."
म्हणजे घरात मीच एवढा भीतीदायक होतो!

२० जानेवारी
पत्र नाही.

२९ जानेवारी
नाडी ऐंशीच्या आसपास. घाम कमी. रात्री झोपही लागली. डॉक्टर म्हणाले होते, मनाची घालमेलही त्या रसामुळेच असेल. मग रस उतरला तरी ही का उतरत नाही? पोस्टमन दिसला की उठून दारात जातो. दोनदा हाक मारली त्याला. "आवं आबा, आसतं तर दिलं नसतं व्हय?"

२ फेब्रुवारी
मानसिंगचं पत्र, साताऱ्याच्या दवाखान्यातून. तिच्या पायांना सूज, दम लागतो, ठोक्यांना ताल नाही. डॉक्टर विचारतात, डोळे असे कधीपासून? माहेरी कुणाला नक्की सांगता येत नाही. "आबा, तुमीच आठवून कळवा."
आठवायचं काय त्यात? वटपौर्णिमेला. सगळ्यांच्या आधी मलाच दिसलं होतं. कार्डावर तेवढं लिहिलं. खाली लिहिलं – मानसिंग, ती कशी आहे ते एका ओळीत का होईना, पण लगेच कळव.