सहाव्या गाण्यापासून पुढे

प्रिय वहिनी,

आज सकाळी तिसऱ्या अल्बमची दहाही गाणी नेटवर टाकायला पाठवून दिली. येत्या शुक्रवारी ती सगळ्यांना ऐकता येतील. त्याआधी तुम्हाला कळवायचं होतं. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मी काय केलं हे मला कुणी विचारलेलं नाही, पण तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं. शिवाय मी तुमच्याशी एक खोटं बोललो होतो. ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, असं आता वाटतं. तरी माझ्या तोंडून ऐकायचं राहिलंच ना?

पत्र लिहायला बसलं की माझी भाषा इस्त्री केल्यासारखी होते. हसू नका!

कॉलेजसाठी मी अकोल्याला तुमच्याकडे राहायला आलो, तेव्हा दादा दिवसभर दालमिलमध्ये असायचा आणि पुढच्या खोलीत तुमचं ब्लाउज शिवणं चालायचं. मी सोबत गिटार आणली होती आणि ती वाजवायची लाज वाटत होती. दोन दिवस ती पलंगाखालीच पडून होती. तिसऱ्या दिवशी तुम्ही मशीनवरून मान न उचलता म्हणालात, "भाऊजी, ते बाहेर काढा ना. मशीनच्या आवाजात मले काई त्रास नाही." पुढच्या आठवड्यात जुन्या पडद्याच्या कापडाची खोळ शिवून दिलीत, आतून ब्लाउजचं लाल अस्तर लावून. मी चिडवत म्हणालो होतो, गिटारीचं लग्न आहे काय? तुम्ही म्हणालात, "असू द्या. नटून जाऊ द्या."

माझं गाणं पहिल्यांदा पूर्ण कुणी ऐकलं असेल तर तुम्ही. तुमच्या सासरी-माहेरी रॉक हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. तुम्ही विचारलंत, "हे रॉक म्हणजे काय जी?" मी बरंच काही सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे ओरडायचं, पण सुरात."

पुढे अमरावतीला शाळेत नोकरी लागली. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा इरफान ड्रमवर आला, श्रद्धा बेसवर, आणि तिच्या मामांच्या संत्र्यांच्या गोदामात पेट्यांच्या मधोमध आम्ही वाजवायला लागलो. वऱ्हाडी बोलीत गाणारा बँड. नाव ठेवलं 'तिसरा फाटा'. पहिला अल्बम आला, तेव्हा तुम्ही फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवून तो ऐकलात, आवाज मोठा यावा म्हणून. दादा म्हणाला, "झकास!" दादा सगळ्यालाच झकास म्हणतो. तुम्ही म्हणालात, "पाच गाणे लय भारी." मी खूश झालो. गाणी दहा आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी तुम्ही मला बसवूनच घेतलंत. आठवतं का? अकोल्यात आमचा कार्यक्रम झाला होता, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ऐटीत तुमच्या खोलीत बसलो होतो.

"भाऊजी, एक विचारू काय? पयले पाच गाणे मले पाठ झाले. पुढचे पाच काहून टाकले?"

"काहून म्हणजे? ते पण गाणेच आहेत ना, वयनी."

"सहावं तर दुसऱ्याचीच चाल हाय, फक्त हळू केली. आठव्यात काय बोलून राहिले ते तुमाले तरी समजते काय? अन् शेवटचं तर गाणंच नाही, नुसती गिटार कोकलते. पयल्या अल्बमात पण असंच केलं होतं तुमी. पाच गाणे झाले की माझा पाय मशीनवर जड होते. रोज होते. मले वाटलं माझाच थकवा हाय. मंग एक दिवस मी सहाव्यापासून लावून पाहिलं. सकाळीच जड झाला!"

किती बरोबर होतं ते! सहा ते दहा ही गाणी आम्ही दोन आठवड्यांत उरकली होती. पहिल्या पाचांवर वर्ष घातलं होतं. हे मला, इरफानला आणि श्रद्धाला माहीत होतं, आणि तिघांनीही ते एकमेकांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. तुम्ही मशीनवर बसल्या बसल्या ते ओळखलंत. आणि मी काय म्हणालो?

"वयनी, तुमाले ब्लाउजातलं समजते. गाण्यातलं राहू द्या."

 तुम्ही बाहीला सुई लावलीत, पुढची शिलाई घातलीत. मी संध्याकाळच्या एसटीने अमरावतीला निघून गेलो आणि चार महिने अकोल्याला आलो नाही. शाळेचं काम अकोल्याला निघालं, तरी कुणा दुसऱ्याला पाठवायचो. तुम्ही एकदा तरी रागावून फोन करायचा ना! तुम्ही फोन करायचात, पण जेवण झालं का एवढंच विचारायचात. माफी मागायला मला त्यात कुठे जागा सापडेना. खरं म्हणजे मी शोधलीच नाही.

मग दादाचा फोन आला. तुमच्या पोटात गाठ निघाली होती.

दवाखान्यात मी दर शनिवारी यायचो. तिसऱ्या अल्बमची पहिली पाच गाणी तेव्हा तयार झाली होती. इअरफोनचं एक टोक तुमच्या कानात, एक माझ्या. तुमचा पाय चादरीखाली ताल धरत होता. पाचही गाणी झाली, तुम्ही डोळे उघडलेत आणि लगेच म्हणालात, "अन् पुढचे?"

मी म्हणालो, "तयार आहेत, वयनी. थोडी साफसफाई बाकी आहे."

हे ते खोटं. एकही गाणं तयार नव्हतं. आमच्याकडे चार जुनी गाणी पडून होती, पहिल्या दोन अल्बममधून वगळलेली. तीच थोडी घासूनपुसून मागे लावायची असं आमचं ठरलेलं होतं. तुम्हाला ते सांगायची लाज वाटली. आणि ही बाई इतकी आजारी आहे, तिला काय कळणार, असंही मनात कुठेतरी आलं असेल. असेल काय, आलंच होतं.

पुढच्या शनिवारी मी तीच चार गाणी घेऊन आलो. सहावं सुरू झालं. अर्ध्यातच तुम्ही कानातून इअरफोन काढलात.

"हे जुनं हाय ना?"

"नाही, वयनी. नवं आहे."

"तुमी कॉलेजात होते तवा परीक्षेच्या टायमाले हे गुणगुणत होते. मी तवा निमा काकूचे चार ब्लाउज शिवून राहिली होती." तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. राग नव्हता त्यात. "भाऊजी, आजारी माणसाले उरलेलं वाढू नका."

 नर्सबाई आल्या म्हणून मी उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही कुणाला ओळखत नव्हता, आणि मंगळवारी गेलात.

तेराव्यानंतर मी गोदामात गेलो, चारही गाणी काढून टाकली, दोघांना तुमचं बोलणं सांगितलं आणि मागची पाच नव्याने करायची म्हणालो. इरफान भडकला. "भाई, लोक तिसऱ्या गाण्याच्या पुढं जातच नाहीत! कोणासाठी करून राहिला तू?" त्याचं चूक नव्हतं. पुण्याचे एक गृहस्थ आमचा अल्बम काढणार होते. त्यांनीही हेच सांगितलं होतं, की चांगली गाणी पुढे घाला, मागे काहीही चालतं, नाहीतर पाचच गाणी द्या. श्रद्धा वेगळ्याच कारणाने चिडली. त्या चार गाण्यांत तिची मेहनत होती, आणि मी तिला न विचारता ती काढली होती. तिचा राग रास्त होता. मी तिची माफी मागितली, तिथल्या तिथे. बघा, शिकलो थोडं! पण गाणी परत घेतली नाहीत.

पुण्याच्या गृहस्थांना वर्षभर थांबायचं नव्हतं, त्यांनी नाद सोडला. मग अल्बम आम्हीच काढायचं ठरवलं. इरफान तीन आठवडे आला नाही. मी आणि श्रद्धा दोघंच पेट्यांवर बसायचो.  एका रविवारी सकाळी इरफान दारात उभा.

"दुकानात बसून दोन्ही अल्बम मागून ऐकले," तो म्हणाला. "दहा, नऊ, आठ, असे. सातव्यात मले झोप लागली, भाई. अन् ते म्याच वाजवलं हाय! वयनी बरोबर होत्या. चल, कुठून सुरू करायचं?"

आम्ही शेवटापासून सुरू केलं. दहावं गाणं आधी, या वेळी शब्दांसकट. दमलेलो असताना मागचं उरकायची सवय होती ना, म्हणून ताजं डोकं तिकडे लावलं. सहावं दालमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायांचं आहे. सातवं एसटीत दुसऱ्याच्या खांद्यावर झोपलेल्या माणसाचं. आठवं अकोल्याच्या उन्हाचं, कूलरच्या घरघरीसकट. नववं श्रद्धाने लिहिलं आणि स्वतः गायलं, आयुष्यात पहिल्यांदा. तिचा आवाज कापतो त्यात, आम्ही तो तसाच ठेवला. एकेका गाण्याला महिना-महिना गेला. दोनदा आख्खं गाणं टाकून दिलं. एकदा तर सातव्याची चाल जमली असं वाटलं, तिघंही नाचलो, आणि दुसऱ्या दिवशी श्रद्धा म्हणाली की ही आपल्याच पहिल्या गाण्याची चाल आहे. मी म्हणालो, "कुणाला कळणार आहे?" आणि बोलता बोलताच दवाखान्यातलं आठवलं. ती चाल त्याच दिवशी गेली.

सगळे विचारायचे, वहिनींवर एखादं गाणं करणार ना? नाही केलं, वहिनी. दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा ते रडकं झालं, आणि रडकं झालं म्हणून लोक त्याला चांगलं म्हणाले असते. तुम्ही नसतं म्हटलं.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही तिघं अकोल्याला गेलो. दादा अजून पुढच्या खोलीत कुणाला बसू देत नाही, पण त्यानेच सतरंजी घातली. दहाही गाणी ओळीने लावली, मध्ये बोलायचं नाही असं ठरवून. मी गाणं ऐकतच नव्हतो, दादाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पाचवं संपलं. सहावं सुरू झालं आणि मिलमधल्या बायांचं ऐकून तो पुढे सरकून बसला. नवव्याला त्याने खिडकीकडे तोंड केलं. दहावं संपलं. मी 'झकास'ची वाट बघत होतो.

दादा म्हणाला, "आठवं लांबलं थोडं."

इरफान माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगू? क्षणभर माझं डोकं फिरलं. सहा आठवडे घातले होते त्या आठव्यावर! याला काय कळतं गाण्यातलं, हे अगदी जिभेवर आलं होतं.

मग दादा अडखळत म्हणाला, "तुही वयनी असती तर तिनं सांगितलं असतं. म्हणून म्या म्हटलं. मले काई समजत नाही तसं."

"समजते तुले," मी म्हणालो. "कुठं लांबलं ते सांग."

त्याने आठवं पुन्हा लावायला सांगितलं आणि एका ठिकाणी हात वर केला. बरोबर तिथेच, जिथे आम्ही एक कडवं आम्हाला आवडतं म्हणून दोनदा गायलं होतं. अमरावतीला परत आलो आणि तीन दिवस बसून ते नीट केलं. आज पाठवलं ते हेच. आता दादा सकाळी फोन करतो आणि कुठलं ना कुठलं खुसपट काढतो. परवा म्हणाला, तिसऱ्यात ड्रम जास्त झालाय. इरफान वैतागलाय!

तुम्हाला ही पाच गाणी ऐकवता आली नाहीत. याला काही इलाज नाही आणि मी तो शोधतही नाही. चार महिने रुसून बसलो नसतो, दवाखान्यात खरं बोललो असतो, तर निदान एखादं कच्चं कडवं तुम्ही ऐकलं असतं, नावं ठेवली असती. तेवढं माझ्याकडे राहणारच, आणि राहू दे. आठ महिन्यांपूर्वी ते आठवलं की मी आडवा पडायचो. आता उठून कामाला लागतो.

माफ करा, वहिनी. हे त्या दुपारीच म्हणायला हवं होतं.

पुढच्या रविवारी अकोल्यात कार्यक्रम आहे. या वेळी गाणी अल्बममध्ये आहेत त्याच क्रमाने वाजवणार. लोकांना आवडलेलं गाणं शेवटी राखून ठेवायचं नाही, कंटाळा आला म्हणून मधलं गाळायचं नाही. काही लोक पाचव्यानंतर उठतील, हे आम्ही धरून चाललोय. इरफान म्हणतो, दहाव्याला समोर फक्त दादा उरला तर?

तर दादासाठी वाजवू. आणि दादाही उठून गेला, तरी दहावं गाणं मी पूर्ण म्हणेन, पहिलं म्हणतो तितक्याच जोरात. हा माझा शब्द.

तुमचा भाऊजी,
विनू
अमरावती