हिरवी की जांभळी

प्रिय अक्षरा पुट्टी,

चाळिशीला आलीस तरी मी पुट्टीच म्हणणार, चिडू नकोस. फोन असताना अप्पांनी पत्र का लिहिलं, असं वाटेल तुला. फोनवर तू भराभर बोलतेस आणि मी सरी, सरी म्हणत होकार देत राहतो. मग तुला वाटतं, सगळं ठरलं. येत्या रविवारी टेम्पो येणार आणि चिकपेटातल्या या दोन खोल्यांतलं माझं सामान इंदिरानगरला तुझ्या घरी जाणार, हेही असंच सरी, सरी करत ठरलंय. त्याआधी स्वल्प बोलायचं होतं.

जिन्यावरून पडलो त्या दिवसापासून तुझा जीव थाऱ्यावर नाही, हे कळतं मला. दवाखान्यात तू पायाशी बसून होतीस, आणि मला भलतंच आठवत होतं. लहानपणी तू आमच्या दुकानात साड्यांच्या ढिगावर झोपायचीस. गिऱ्हाईक आलं की मी तुला अलगद उचलायचो आणि दुसऱ्या ढिगावर ठेवायचो. तुला जागसुद्धा यायची नाही. तुझी आई म्हणायची, पोर आहे की गाठोडं.

गेल्या महिन्यात मला देवनहळ्ळीला घेऊन गेलीस, ते फार बरं केलंस. तुझी नोकरी नेमकी काय, हे इतकी वर्षं मला कुणाला धड सांगता यायचं नाही. प्रकल्पवाले म्हणतात, आम्ही गावाला विचारूनच सगळं केलं. आणि खरंच विचारलं का, ते तू जाऊन बघतेस. तिथं तळ्याभोवती फिरायचा रस्ता व्हायचा होता. त्याच्या फरशा लाल हव्यात की करड्या, असं गावाला विचारलं होतं, आणि हात वर करून करड्या ठरल्या होत्या. म्हशी पाळणाऱ्या धनलक्ष्मीअक्कांनीही करड्यालाच हात वर केला होता. तू त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलीस आणि एवढंच विचारलंस, की रस्ताच नको असं कुणी म्हटलं असतं तर काय झालं असतं? बाई हसायलाच लागल्या. मग म्हणाल्या, ते कुठे विचारलं कुणी. आणि माझ्या म्हशी आता पाण्यात कुठून उतरणार, तेही नाही विचारलं. परत येताना तू मला सांगितलंस, ज्या विचारण्यात नाही म्हणायला जागा नसते, ते मी विचारणं धरत नाही. ऊर भरून आला माझा. शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालंय.

मला मात्र त्या फरशांचं ऐकून आतल्या आत हसू येत होतं. उभा जन्म साड्या विकल्या मी. दुकानात लागलो त्या दिवशी मालकांनी पहिला धडा दिला तो हाच. साडी घ्यायची का, असं गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नाही. हिरवी की जांभळी, असं विचारायचं. बाई एकदा रंगात गुंतली की घेणं ठरलेलंच. अर्थात नको असेल तर ती उठून जाऊ शकायची, चपला दारातच असायच्या.

तर मागच्या रविवारी तू आणि निहारराव आलात. जावईबापूंनी फोनवर माझ्या खोलीचा फोटो दाखवला. मोठी खिडकी, नवा पलंग, न्हाणीघरात धरायला दांडी, काही म्हणून कमी नाही. आणि तू विचारलंस, अप्पा, पडदे निळे की पिवळे? मी चष्मा लावला, चांगला विचार केला आणि सांगितलं, पिवळे. तुम्ही गेल्यावर कप विसळताना माझ्या लक्षात आलं, अरेच्चा, आपण साडी घेतली की! इतक्या बायकांना मी जे केलं, ते माझ्याच पोरीनं मला केलं, आणि तिला पत्ताही नाही. एकटाच हसत बसलो. मग रडूही आलं, तुझ्यापासून काय लपवू.

सकाळी मी खाली उतरतो, दुकानात जाऊन बसतो. नवे मालक भले आहेत. घडी विस्कटली की पोरी अण्णा म्हणून मलाच हाक मारतात. तुझ्याकडे लिफ्ट आहे, सगळं आहे, पण तुम्ही दोघं कामावर गेल्यावर मला हाक कोण मारणार? हे त्या दिवशीच बोलायला हवं होतं. पण पडद्यांवरून गोष्ट पुढे गेलीच नाही.

रागावलेलो नाही हं मी. मायेनंच नेते आहेस, मीही तुला तसंच उचलायचो. पण तेव्हा तू झोपलेली असायचीस. मी जागा आहे. म्हणून हे पत्र. टेम्पो येण्याआधी एकदा ये, एकटी ये. धनलक्ष्मीअक्कांच्या शेजारी बसलीस तशी माझ्या शेजारी बस आणि विचार, अप्पा, माझ्याकडे राहायला येणार का? मी नाही म्हटलं तर टेम्पो परत पाठवायची तयारी ठेवून विचार. तुझी आई गेल्यापासून मलाही घर खायला उठतं, तेव्हा मी बहुतेक होच म्हणेन, पुट्टी. पण तू विचार.

तुझाच,
अजून तरी चिकपेटातला,
अप्पा