मृगाच्या ताऱ्यांना शेपूट

हर्णे, १८ जानेवारी २०००

चि. जिब्रान यास आपाचा सलाम व अ. आ.

तू दर पत्रात मागतोस तो मृगातल्या तेजोमेघाचा फोटो सोबत आहे. दोह्याच्या दिव्यांत तुला तो दिसत नाही, म्हणून अब्बांनी गच्चीवरून काढला. कॅमेऱ्याखाली तू केलेल्या त्याच दोन फळ्या, तीच बिजागरी, तोच स्क्रू. स्टुडिओवाला म्हणाला, रोल कोराच आहे. मी हट्टाने छापून घेतला. निगेटिव्हही पाठवतेय. अम्मीचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड थकत नाही. फोटो कसा आलाय ते अब्बांना लिही.

कळावे. माया राखून अस.
तुझी,
हुदाआपा

दोहा, २ फेब्रुवारी

ती. अब्बांस जिब्रानचा सा. सलाम वि. वि.

तेजोमेघाचा गुलाबी ठिपका बघायला खोलीतल्या सगळ्यांनी गर्दी केली. पण अब्बा, प्रत्येक ताऱ्याला शेपूट फुटलंय! आकाश सरकतं तसा स्क्रू फिरवायचा, मिनिटाला एक फेरा, असं तुम्हीच मला दटावायचात. आधी सगळं झकास, मग तुमचा हात थांबला आणि कॅमेरा उघडाच राहिला. शेपटाच्या लांबीवरून हात किती वेळ थांबला ते निघतं; निगेटिव्हवर तीनदा मोजलं. पुरी चाळीस मिनिटं! धक्का लागला म्हणाल, तर रेघ वाकडी आली असती. ही सुतासारखी सरळ आहे. चहाला उतरलात आणि आपाशी गप्पांत रमलात ना? फोन केला की तुम्ही नेहमी बंदरावर, म्हणून इथे भांडतोय.

राग नसावा, लोभ असावाच.
आपला,
जिब्रान

हर्णे, १४ फेब्रुवारी

चि. जिब्रान यास अ. आ.

तुझं पत्र मी अब्बांना मोठ्याने वाचून दाखवत होते. चाळीस मिनिटांशी जीभ अडली. अब्बांनी डाव्या हाताने कागद काढून घेतला. उजवा हात आणि वाचा त्याच रात्री गेली, जिब्रान. फोटो काढतानाच अर्धांगाचा झटका आला. तू धावत येशील आणि तिथल्या नोकरीचा करार मोडेल म्हणून अम्मीने मला गप्प राहायची शपथ घातली होती.

बत्ती घेऊन वर गेलं की फोटो नासतो म्हणून अब्बा ओरडायचे. म्हणून मी गेले नाही, अंथरुणं घालून खालीच बसले. शेवटी गेले, तेव्हा कॅमेऱ्याचं बटण दाबून धरायची केबल त्यांच्या अंगाखाली होती. त्यांना उचललं आणि कॅमेरा खट्कन मिटला. डॉक्टरांनी विचारलं, पडून किती वेळ झाला? मी म्हटलं, आत्ताच. मला खरंच तसं वाटलं होतं. तुझा हिशेब कधी चुकत नाही.

काय मागू? तुझी माया तुटू देऊ नकोस.
हुदा

दोहा, २४ फेब्रुवारी

ती. आपा, सप्रेम सलाम वि. वि.

रजा मिळाली. आठ मार्चला पोचतो.

निगेटिव्ह पुन्हा नीट पाहिली. माझंच चुकलं. अब्बा पडले तेव्हा फळीला धक्का बसला, शेपूट त्या धक्क्याचं आहे. दोन-चार मिनिटांवर वेळ गेलेला नाही. तेवढ्यात कुणीच वर पोचलं नसतं. अम्मीलाही असंच सांग. निगेटिव्ह आणि फोटो दोन्ही जाळून टाकले. बिघडलेली वस्तू ठेवून काय करायचं?

हिशेबात माझ्याही चुका होतात, आपा. तुला माहीत नव्हतं, एवढंच.

आहे तशीच माया असू दे.
तुझा,
जिब्रान