कोळशाच्या खुणेची अंडी

प्रिय माय,

सप्रेम जयभीम. हे पत्र शिवांगी तुला वाचून दाखवेल. शिवांगे, आत चुलीपाशी बसून पुटपुटायचं न्हाई हं! बाहेर ओट्यावर बस, आजोबाला बोलव, शेजारच्या सिंधुकाकूला बोलव, आन् खणखणीत वाच. असं का, ते आत्या शेवटी सांगते.

माय, दहा महिने झाले, तू माझ्या फोनवर येत न्हाईस. दरवेळी बाबाच उचलतात आन् तुझी माय गोठ्यात हाय म्हणतात. अगं, दोन तर गाई आपल्या! सकाळी गोठ्यात, दुपारी गोठ्यात, सणावाराला गोठ्यात. गाईसुद्धा कंटाळल्या असतील तुला. हरभरा पेरून झाला हे मला बाबांकडून कळतं, तुझा गुडघा दुखतो हे शिवांगीकडून. तुझं तुझ्या तोंडून काहीच कळत न्हाई.

इकडं किनाऱ्यावर थंडी पडायला लागलीय. आता समुद्रातली कासवीण वाळूत अंडी घालायला येईल. धोंडूतात्यांची तयारी जोरात चालू हाय. तुला 'देवणीची ताई' म्हणायचे ना, ते तात्या. लहानपणी ते हीच अंडी टोपली भरून बाजारात न्यायचे. आता त्यांच्यासकट गावातली तीस घरं पाळी लावून उजाडायच्या आत किनारा चालतात. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी घरटं गाठायचं, अंडी उचलायची आन् जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघाली की अख्खं गाव त्यांना पाण्यापर्यंत पोचवायला जातं. मी आपल्या देवणीची, विहिरीपलीकडं पाणी न बघितलेली. तरी शाळेतली बाई म्हणून त्यांनी मलाही एक पाळी दिली. केवढा मान वाटला होता मला त्याचा!

जानेवारीत तू आलीस. समुद्र बघून म्हणालीस, एवढं पाणी आन् घोटभर पिता येत न्हाई, काय उपेग? गाव दोन दिवस हसत होतं. दुसऱ्याच पहाटे माझी पाळी होती. तूही आलीस संगट. घरटं सापडलं, तू पदर खोचून मोजायला बसलीस, एकशे बारा अंडी. कासवीण अंडी टाकून निघून जाते, पुन्हा फिरकत न्हाई, हे मी तुला तिथंच सांगितलं. परतताना विचारलंस, मग ती फिरवतं कोण? मी घाईत होते. उत्तरच दिलं न्हाई तुला.

तिथंच चुकलं. चौथ्या दिवशी तू कुंपणात शिरलीस, वरची वाळू बाजूला केलीस आन् एकेक अंडं उलटं करून त्यावर कोळशानं खूण केलीस. खुडूक कोंबडीखालची अंडी तू अशीच खूण करून फिरवतेस, माझ्या जन्माआधीपासून. ह्यांना तर आईच न्हाई, मग आपणच फिरवावी, एवढाच तुझा विचार. पण कासवाच्या अंड्यातला जीव वरच्या कवचाला धरून असतो, ते उलटलं की मरतो. हे तुला कोण सांगणार होतं? मीच ना? आन् मी काय केलं? धावत आले आन् तीस घरांच्या माणसांसमोर 'अडाणी बाई' म्हणून ओरडले. माझ्या शिक्षणासाठी जिनं लोकांच्या रानात खुरपलं, तिला अडाणी म्हणाले. तू हात झटकलेस आन् दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं देवणीला गेलीस.

मार्चमध्ये त्या खड्ड्यातून एकही पिल्लू निघालं न्हाई. आम्ही उकरून बघितलं. कोळशाची खूण होती एकोणीस अंड्यांवर, सगळी वरची. खालच्या त्र्याण्णवांना तुझा हातही लागला नव्हता, तरी तीही नासलेली. तात्या म्हणाले, वरची बिघडली की खालची बिघडत असतील. मी मान डोलावली. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव तुझी गोष्ट सांगतं. माय, मी वर्गात पोरांनाही सांगितली. पोरं हसली, आन् मीही हसले.

खरं काय ते मला ठाऊक होतं, आन् तुलाही. अंडी त्याच सकाळी पुरायची असतात. पण आपल्याला घरटं सापडलं त्या दिवशी शाळा तपासणी होती. मी अंड्यांची बादली अंगणात उन्हातच ठेवली आन् पळाले. एक वाजता परत आले, तर बादली सावलीत होती, भोवती ओलं पोतं गुंडाळलेलं. तू म्हणालीस, लेकरं कुणाची का असंनात, उन्हात ठेवतं का कोणी? पण तुझ्या नजरेला पडेपर्यंत तासन्‌तास तापली होती ती. मी गुपचूप पुरली आन् घरट्यांच्या वहीत सकाळची वेळ लिहिली. मी ओरडत होते तेव्हा तू एक शब्द बोलली असतीस, नुसतं 'बादली' म्हणाली असतीस, तरी माझं तोंड काळं झालं असतं. तू बोलली न्हाईस. लेकीची इज्जत राखलीस आन् स्वतः अडाणी ठरून घरी गेलीस.

परवाच्या बैठकीत मी उठून सगळं सांगितलं. तात्यांनी पाळ्यांची यादी पुढं ओढली. मग म्हणाले, यंदा बाईंची पाळी बंद. मी मान खाली घातली. तर म्हणतात, ती पाळी देवणीच्या ताईला द्या. बादली सावलीत नेणारं माणूस पायजे आम्हाला, बाकीचं शिकवता येतं.

शिवांगे, 'अडाणी' शब्द आला तिथं तू अडखळली असशील, गाळलाही असशील. मागं जा आन् तो शब्द वाच. माफी फोनवर, तुझ्या आजीच्या एकटीच्या कानातही मागता आली असती. पण मी तिला चारचौघांत बोलले होते. म्हणून तुम्हा सगळ्यांना ओट्यावर बसवलं. माय, मी चुकले. कोंबड्या सिंधुकाकूकडं सोपव आन् ये. मी येष्टी स्टँडवर उभी राहते.

तुझीच लेक,
पंचशीला